बंद ठेवलेली वाट कोणती, हे कुणाला ठाऊक आहे?

१२ ऑक्टोबर २०२० रोजी, सोमवारी सकाळी दहाच्या सुमारास, मुंबई, ठाणे आणि नवी मुंबईच्या मोठ्या भागातली वीज एकदम गेली. लोकल जागच्या जागी थांबल्या, करोनामुळे घरूनच चाललेली कामे खोळंबली, रुग्णालयांना जनरेटर सुरू करावे लागले. तत्कालीन ऊर्जामंत्री नितीन राऊत यांनी सांगितलेले कारण असे होते : महापारेषणच्या कळवा–पडघा ४०० केव्ही यंत्रणेत एका सर्किटची देखभाल चालू होती, त्यामुळे भार दुसऱ्या सर्किटवर होता, आणि नेमका त्या दुसऱ्यातच बिघाड झाला. वाटा दोन होत्या, पण ज्या दिवशी दुसरीची गरज पडली त्या दिवशी ती एकटीच उरली होती. पर्यायी मार्गाच्या प्रश्नाची ही अर्धी बाजू सगळ्यांना समजते. उरलेली अर्धी संगणकांच्या जाळ्यात दिसते आणि ती जास्त घातक आहे. विजेची दुसरी तार ऐनवेळी उपयोगी पडली नाही, तर आपण होतो तिथेच राहतो. स्विचच्या जाळ्यातली दुसरी तार मात्र गरज नसताना खुली राहिली, तर ती पहिलीलाही घेऊन बुडते. कल्याण–डोंबिवली आणि ठाण्याच्या पट्ट्यात गेल्या वीसेक वर्षांत महापालिकांची नागरी सुविधा केंद्रे, चौकाचौकांतले कॅमेरे, एमआयडीसीतले कारखाने, खासगी रुग्णालये, केबलवाल्यांचे इंटरनेट आणि ठाणे–बेलापूर रस्त्यावरची डेटा सेंटर असे सगळे या जाळ्यांवर उभे राहिले आहे. म्हणून लूप टाळायचा कसा, हा प्रश्न आता सर्व्हर रूमपुरता उरलेला नाही.

लूप म्हणजे नेमके काय होते, हे आधी नीट पाहायला हवे, कारण त्याबद्दलच्या अर्धवट कल्पनांमुळेच चुकीचे उपाय केले जातात. इथरनेटच्या फ्रेमवर पाठवणाऱ्याचा आणि घेणाऱ्याचा मॅक पत्ता असतो. तिने किती स्विच ओलांडले याची नोंद मात्र तिच्यावर कुठेच नसते. इंटरनेटच्या आयपी पॅकेटला आयुष्य मोजून दिलेले असते : प्रत्येक राउटर एक आकडा कमी करतो आणि शून्यावर आले की पॅकेट टाकून देतो. इथरनेटच्या फ्रेमला असे मरण नाही. आता कार्यालयातला एखादा संगणक दुसऱ्याला शोधण्यासाठी ‘हा आयपी पत्ता कुणाचा?’ असे सगळ्यांना विचारतो, म्हणजे ब्रॉडकास्ट करतो. स्विच ती फ्रेम, ज्या पोर्टवरून आली तो सोडून, बाकी प्रत्येक पोर्टवर पाठवतो. दोन स्विचमध्ये दोन तारा असतील आणि दोन्ही खुल्या असतील, तर एका तारेने गेलेली फ्रेम दुसरीने परत येते आणि पुन्हा निघते. एक प्रत एका दिशेने, दुसरी उलट दिशेने, सेकंदाला हजारो फेऱ्या, आणि प्रत्येक फेरीत जाळ्यातल्या प्रत्येक यंत्राच्या दारावर थाप. लूपमध्ये फ्रेमा लगेच दुपटीने वाढत जातात असा समज आहे, पण एकच वेढा असेल तर तसे होत नाही. प्रत्येक नव्या ब्रॉडकास्टमागे दोन अमर प्रती साचत जातात, इतकेच. दुपटीची वाढ होते ती वेढे अनेक असतील तेव्हा. चार स्विच एकमेकांना पूर्ण जोडले, तर प्रत्येक टप्प्यावर एका फ्रेमच्या दोन होतात आणि वीस टप्प्यांत हिशेब दहा लाखांपलीकडे जातो. प्रत्यक्षात त्याआधीच तार भरलेली असते : एक गिगाबिटच्या दुव्यावर सर्वांत लहान, ६४ बाइटच्या फ्रेमा सेकंदाला जास्तीत जास्त १४ लाख ८८ हजारांच्या आसपासच मावतात.

याहून वाईट भाग मॅक पत्त्यांच्या तक्त्याचा. स्विच फ्रेम पाहून शिकतो की अमुक पत्ता अमुक पोर्टकडे आहे. लूपमध्ये एकाच पत्त्याची फ्रेम कधी या पोर्टने येते, कधी त्या. तक्ता क्षणाक्षणाला बदलतो आणि एकाच यंत्रासाठी असलेली साधी फ्रेमही भलतीकडे जाऊ लागते. म्हणजे बिघाड ब्रॉडकास्टपुरता राहत नाही. त्यातच स्विचचा स्वतःचा प्रोसेसर या माऱ्याखाली गुदमरला की दुरुस्तीसाठी दुरून लॉगिनही होत नाही. तंत्रज्ञ येतो, सगळे दिवे एका लयीत वेड्यासारखे लुकलुकताना पाहतो, ‘लूप लागलाय’ म्हणतो आणि एकेक तार उपटत बसतो. ज्या जाळ्याचा नकाशा कुणाकडे नाही, तिथे तेवढा एकच मार्ग उरतो.

या रोगावरचे औषध १९८५ मध्ये रॅडिया पर्लमन यांनी डिजिटल इक्विपमेंट कॉर्पोरेशनमध्ये असताना मांडले. त्यांच्या स्पॅनिंग ट्री पद्धतीत स्विच आपसात छोटे संदेश (बीपीडीयू) पाठवतात, एकाला मूळ म्हणून निवडतात, प्रत्येक जण त्या मुळाकडे जाणारी सर्वांत स्वस्त वाट ठेवतो आणि उरलेल्या वाटा तात्पुरत्या बंद करतो. तारांचा आलेख कितीही गुंतागुंतीचा असो, वाहतूक चालते ती एका झाडावर, आणि झाडात वेढा नसतो. चालू वाट तुटली की बंद वाटांपैकी एक उघडते. १९९० मध्ये आयईईईने हे ८०२.१डी या मानकात घेतले. पद्धतीचे सौंदर्य असे की कुठल्याही स्विचला संपूर्ण नकाशा ठाऊक असावा लागत नाही. शेजाऱ्याचे बोलणे ऐकून प्रत्येक जण आपापला निर्णय घेतो आणि तरी सगळ्यांचे निर्णय जुळतात. तिची मर्यादाही याच सौंदर्यातून येते. दर २ सेकंदांनी संदेश, २० सेकंद वाट पाहणे, मग १५–१५ सेकंदांचे दोन टप्पे, अशा मूळ वेळापत्रकात वाट बदलायला ३० ते ५० सेकंद लागत. २००१ च्या रॅपिड आवृत्तीने, ८०२.१डब्ल्यूने, दोन शेजाऱ्यांमध्ये थेट सवाल-जवाब आणून हा काळ बहुतेक वेळा सेकंदाच्या आत आणला, आणि २००४ मध्ये ८०२.१डीची नवी आवृत्ती आली तेव्हा जुनी पद्धत त्यातून काढूनच टाकली गेली. तरीही आजच्या अनेक जाळ्यांत जुन्या आवृत्तीवर ठेवलेले स्विच सापडतात आणि मग ‘स्पॅनिंग ट्री फार मंद’ हा आक्षेप चाळीस वर्षांपूर्वीच्या घड्याळाच्या आधारे घेतला जातो.

माझा मुख्य मुद्दा याच्या पुढचा आहे. प्रोटोकॉल लूप तोडतो, पण तो कुठे तोडायचा हे आपण सांगितले नाही तर तेही तोच ठरवतो, आणि मग वाट कुठे बंद आहे हे त्या संस्थेतल्या एकाही माणसाला ठाऊक नसते. मूळ निवडण्याची पद्धत पाहा. प्रत्येक स्विचचा ओळख क्रमांक प्राधान्याचा आकडा आणि मॅक पत्ता जोडून बनतो. सर्वांत लहान क्रमांक जिंकतो. प्राधान्याचा आकडा कारखान्यातून ३२७६८ असाच येतो. कुणी तो बदलला नाही तर सगळे समसमान ठरतात आणि निवड मॅक पत्त्यावर जाते. मॅक पत्ते साधारण चढत्या क्रमाने वाटले जात असल्याने, एकाच कंपनीच्या स्विचमध्ये जिंकण्याची शक्यता जुन्याची अधिक. म्हणजे इमारतीतला सगळा व्यवहार कुठल्यातरी मजल्यावरच्या, पंखा कुरकुरणाऱ्या, बदलायला टेकलेल्या स्विचभोवती फिरू लागतो आणि तळमजल्यावर मोठ्या खर्चाने बसवलेल्या दोन मुख्य स्विचमधली जाड वाट कदाचित बंद राहते. काहीही मोडलेले नसते. फक्त ‘नेट आज हळू आहे’ अशी तक्रार वर्षभर चालते.

वीज वितरणातली तुलना इथे उपयोगी आहे. शहरी भागातल्या भूमिगत २२ केव्ही केबल दोन फीडरांमध्ये वळ्यासारख्या टाकलेल्या असतात. मध्ये ठिकठिकाणी आरएमयू (रिंग मेन युनिट), म्हणजे स्विचच्या पेट्या, बसवलेले असतात. वळे पूर्ण असते, पण चालवले जाते तुटक : एका ठरलेल्या आरएमयूतला स्विच नेहमी उघडा, म्हणजे तुटलेला, ठेवतात, त्यामुळे प्रत्येक बाजू आपापल्या फीडरवर चालते. कुठे केबल खणली गेली तर तो तुकडा दोन्हीकडून वेगळा काढतात आणि उघडा ठेवलेला स्विच जोडून पलीकडून वीज देतात. रचना स्पॅनिंग ट्रीसारखीच आहे. फरक एवढाच की उघडा बिंदू कुठे आहे हे उपकेंद्रातल्या ऑपरेटरला ठाऊक असते, लाइनमनला ठाऊक असते, एकरेषीय आकृतीवर ते लिहिलेले असते, आणि तो बदलला तर नोंद होते. चूक झाली तर माणूस मरू शकतो, म्हणून ही शिस्त आली. संगणक जाळ्यात कुणी लगेच मरत नाही, म्हणून ती आली नाही. पण जाळ्यावर आता रुग्णालयाचे रक्ततपासणीचे अहवाल आणि अतिदक्षता विभागाचे मॉनिटर चालतात. ‘कुणी मरत नाही’ हे गृहीतक कधीच मागे पडले आहे.

याचा एक नीट नोंदलेला पुरावा बोस्टनचा आहे. १३ नोव्हेंबर २००२ रोजी तिथल्या बेथ इस्रायल डीकनेस या मोठ्या रुग्णालयाचे जाळे कोलमडले आणि पुढचे काही दिवस डॉक्टरांना कागदावर परतावे लागले. निमित्त झाले एका संशोधकाच्या सॉफ्टवेअरमधून वाहिलेल्या प्रचंड डेटाचे. खरा रोग जुना होता : रुग्णालये एकत्र येत गेली तसतशी जाळी एकमेकांना जोडली गेली आणि सगळे मिळून एकच मोठे स्पॅनिंग ट्री झाले. मानकातली वेळापत्रके टोकापासून टोकापर्यंत सात स्विच गृहीत धरून आखलेली आहेत. हे जाळे त्यापलीकडे पसरले होते. वाहतुकीच्या भाराखाली स्विचांचे आपसातले संदेश पोहोचेनात, बंद वाटा उघडल्या, लूप झाला, लुपाने भार आणखी वाढवला. रुग्णालयाचे माहिती-तंत्रज्ञान प्रमुख जॉन हलमका यांनी ही हकिकत लपवली नाही, उघडपणे मांडली. इतर संस्थांवर त्यांचे हे मोठे उपकार आहेत. त्यातून निघणारा निष्कर्ष ‘स्पॅनिंग ट्री वाईट’ असा नाही. जोडण्याचा निर्णय प्रत्येक वेळी कुणीतरी घेतला, तोडण्याचा कुणीच घेतला नाही, हा तो निष्कर्ष आहे. आपल्याकडे एखाद्या रुग्णालयाला नवी विंग जोडली जाते, कारखान्याचा दुसरा गाळा घेतला जातो, शाळेचे कनिष्ठ महाविद्यालय होते, तेव्हा जाळे वाढते ते असेच, एकेक तार पुढे सरकत.

आता आपल्या भागातल्या रस्त्यांकडे येऊ, कारण लुपाचा एक अत्यंत फसवा प्रकार इथल्या खोदकामाशी थेट बांधलेला आहे. स्पॅनिंग ट्रीतला बंद पोर्ट बंद राहतो तो समोरून येणारे संदेश ऐकू येत असतात म्हणून. ऐकू येणे थांबले की तो समजतो, पलीकडे कुणी नाही, वाट उघडायला हरकत नाही. फायबरच्या जोडीत दोन धागे असतात, एक जाण्याचा आणि एक येण्याचा. जलवाहिनी, गटार, काँक्रीटीकरण किंवा मेट्रो पाच मार्गाचे काम, कुठल्याही निमित्ताने जेसीबीचा दात लागला आणि दोनपैकी एकच धागा तुटला किंवा स्प्लायसिंगमध्ये एकच धागा कमकुवत जोडला गेला, तर वाहतूक एका दिशेने चालू राहते आणि संदेश दुसऱ्या दिशेने थांबतात. बंद पोर्ट उघडतो. कुठलाही दिवा लाल न होता लूप तयार होतो. थेट फायबर घेणाऱ्या चांगल्या स्विचमध्ये असा दुवा बहुधा पाडला जातो. पण आपल्याकडे खर्च वाचवण्यासाठी फायबर आणि तांब्याच्या तारेमध्ये मीडिया कन्व्हर्टर लावतात, आणि स्वस्त कन्व्हर्टर फायबर मेली तरी तांब्याच्या बाजूचा दिवा हिरवा ठेवतो. स्विचला वाटते सगळे ठीक आहे. यावर उपाय आहेत : संदेश अचानक थांबले तर पोर्ट उघडण्याऐवजी अडवून ठेवणारा लूप गार्ड, एकतर्फी दुवा ओळखून तो बंद करणारी यंत्रणा, आणि फायबरचा बिघाड तांब्याच्या बाजूला कळवणारे कन्व्हर्टर. पहिल्या दोन सुविधा बहुतेक व्यवस्थापनयोग्य स्विचमध्ये कुठल्या ना कुठल्या नावाने असतात, फक्त चालू केलेल्या नसतात.

दुसरे घातक टोक म्हणजे वापरणाऱ्याचे टेबल. टेबलाखालचा आठ पोर्टचा साधा स्विच, त्याच्या दोन पोर्टमध्ये कुणीतरी मोकळी लोंबणारी पॅच कॉर्ड ‘व्यवस्थित’ लावून ठेवतो. आयपी फोनला मागे दोन छिद्रे असतात, एक भिंतीसाठी आणि एक संगणकासाठी. दोन्ही भिंतीला जोडली की वेढा पूर्ण. फ्लॅटमध्ये वाय-फाय मेशचे दोन डबे वायरलेसने बोलतच असतात, त्यात एखाद्याने वेग वाढावा म्हणून मध्ये तारही टाकली आणि डब्यांना ते ओळखता आले नाही, तर लूप. अशा वेळी वरच्या चांगल्या स्विचने संदेश पाठवला, खालच्या साध्या स्विचने तो फिरवून परत आणला, तर वरचा ओळखतो आणि पोर्ट बंद करतो. पण हे संदेश ज्या राखीव पत्त्यावर जातात, त्या पत्त्याच्या फ्रेमा पुढे न पाठवण्याचा नियम आहे. काही साधे स्विच तो पाळतात, काही पाळत नाहीत. पाळणाऱ्याच्या पोटातला लूप वरच्याला दिसतच नाही. म्हणून काठावरच्या पोर्टना तीन कुंपणे हवीत : तिथे संगणकच अपेक्षित आहे अशी खूण, तरीही स्विचचा संदेश आला तर पोर्ट बंद करणारा बीपीडीयू गार्ड, आणि ब्रॉडकास्ट ठरावीक मर्यादेपलीकडे गेले की अडवणारा स्टॉर्म कंट्रोल. गार्डशी नाव मिळतेजुळते असलेला बीपीडीयू फिल्टर मात्र उलटे काम करतो, तो संदेशच गाडून टाकतो. या दोघांतली गल्लत मी सर्वांत धोकादायक समजतो, कारण ती केल्यावर जाळे आठवडेच्या आठवडे अगदी छान चालते.

‘मग सरळ स्पॅनिंग ट्री बंदच का करू नये?’ हा प्रश्न क्षेत्रात रोज विचारला जातो, आणि त्यामागे खरा अनुभव आहे. जुन्या वेळापत्रकात संगणक चालू केल्यावर पोर्ट ३० सेकंद अडून राहायचा, तेवढ्यात त्याची आयपी पत्त्याची मागणी वाया जायची आणि ‘नेट नाही’ अशी तक्रार यायची. काठावरच्या पोर्टला खूण केली नसेल तर प्रत्येक संगणक चालू-बंद होताना संपूर्ण जाळ्याला रचना बदलल्याची वार्ता जायची आणि तक्ते पुसले जायचे. वैतागून कुणी प्रोटोकॉल बंद केला तर तक्रार त्या दिवसापुरती मिटते. पण दोन्ही त्रासांचे उत्तर ती एक खूण आहे. प्रोटोकॉल बंद करणे म्हणजे फ्यूज उडतो म्हणून त्याजागी जाड तार गुंडाळणे. दुसरा आक्षेप अधिक विचारी आहे : अर्ध्या तारा बंद ठेवायच्या तर पैसे का घातले? दोन स्विचमधल्या समांतर तारा एकत्र बांधून एकच तार्किक दुवा करण्याची पद्धत २००० सालापासून मानकात आहे, आणि ती वापरली तर दोन्ही तारा चालतात, लूपही होत नाही. तरीही मूळ आक्षेपाला मला स्पष्ट उत्तर द्यावेसे वाटते. दोन्ही वाटा साठ-साठ टक्के भरून चालवल्या, तर एक तुटल्यावर दुसरीवर एकशेवीस टक्के येणार. पर्यायी मार्गाचे मोल त्याच्या रिकामेपणात आहे. रिकामी क्षमता वाया जाते असे म्हणणाऱ्याने पर्याय विकत घेतलेलाच नाही, त्याने फक्त वेग विकत घेतला आहे.

तिसरा आक्षेप असा की शहरभर पसरलेल्या जाळ्याला झाड शोभतच नाही, तिथे रिंगच हवी. सप्टेंबर २०१६ मध्ये स्मार्ट सिटी योजनेच्या यादीत ठाणे आणि कल्याण–डोंबिवली दोन्ही आली. कॅमेरे, सिग्नल, चौकातल्या पेट्या आणि एक नियंत्रण कक्ष अशा प्रकल्पांना रस्त्याकडेने वळ्यात टाकलेली फायबर खरोखरच सोयीची असते, कारण कमी धाग्यांत प्रत्येक चौकाला दोन बाजू मिळतात. हा आक्षेप मला मान्य आहे, आणि तो माझ्या मुद्द्याला बळ देणारा आहे. आयटीयूच्या जी.८०३२ या २००८ पासूनच्या रिंग पद्धतीत वळ्यातला एक दुवा आधीच ठरवून राखीव ठेवतात, त्याचा मालक असलेला स्विच नेमून देतात, आणि इतरत्र तुटल्याची खबर आली की तोच स्विच राखीव दुवा उघडतो. मध्यम आकाराच्या रिंगमध्ये ५० मिलिसेकंदांत काम होते. कारखान्यांतली एमआरपी पद्धत रिंगचा एक व्यवस्थापक नेमते आणि नेहमीच्या मांडणीत २०० मिलिसेकंदांत सावरते. दोन्हींचा वेग येतो तो याच गोष्टीतून : बंद वाट कोणती हे निवडणुकीवर सोडलेले नाही. त्यांची उणीवही तिथेच. दोन रिंग जोडल्या आणि जोडाच्या ठिकाणी कोण जबाबदार हे नीट ठरवले नाही, किंवा कंत्राटदार बदलल्यावर नव्याने आलेल्याने वेगळ्या कंपनीचा स्विच साधा जोडून दिला, तर रिंगच लूप होते. आणखी पुढचे टोक वीज उपकेंद्रांत आहे. तिथे पीआरपी पद्धतीत प्रत्येक संदेशाच्या दोन प्रती दोन पूर्ण स्वतंत्र जाळ्यांतून जातात, एचएसआरमध्ये एकाच वळ्यात दोन्ही दिशांनी. घेणारा पहिली ठेवतो, दुसरी टाकतो, आणि वळ्यात आपली फ्रेम फिरून परत आली की पाठवणारा ती काढून घेतो. सावरायला शून्य वेळ लागतो. मात्र पीआरपीतली दोन जाळी चुकूनही एकमेकांना जोडायची नसतात. तिथे शिस्त हाच प्रोटोकॉल आहे.

डेटा सेंटरवाल्यांचे उत्तर वेगळे आहे. रबाळे, ऐरोली, महापे या ठाणे–बेलापूर पट्ट्यात उभ्या राहिलेल्या केंद्रांच्या पिढीत वाढीव वाटा बंद ठेवण्याऐवजी स्विचांमध्ये राउटिंगच आणण्याकडे कल आहे. प्रत्येक खालचा स्विच प्रत्येक वरच्याला जोडलेला, सगळ्या वाटा चालू, वाहतूक सम प्रमाणात वाटलेली. पॅकेटला आयुष्य मोजून दिलेले असल्याने वाट चुकलीच तर ते लवकर मरते. त्याआधी इथरनेटलाच राउटिंगची बुद्धी देण्याचे दोन प्रयत्न झाले. त्यातले ट्रिल, ज्याचे मानक २०११ मध्ये आले, ते पर्लमन यांच्याच कल्पनेतून निघालेले होते. आपलीच पद्धत मागे टाकणारी रचना त्यांनी स्वतः मांडावी, याचे मला फार अप्रूप वाटते. व्यवहारात टिकली ती आयपी राउटिंगवर इथरनेट गुंडाळून नेणारी व्हीएक्सलॅन आणि ईव्हीपीएन यांची जोडी. ती वापरली की लूप संपला असे सांगितले जाते, ते खरे नाही. गाभ्यातला लूप संपतो. काठावर कुणी दोन पोर्ट एका साध्या स्विचने जोडले तर वेढा बाहेरून पूर्ण होतो. म्हणूनच ईव्हीपीएनच्या २०१५ च्या मानकात एकच मॅक पत्ता १८० सेकंदांत पाच वेळा जागा बदलताना दिसला तर धोक्याची सूचना देऊन त्याच्याबाबतचे संदेश थांबवण्याची तरतूद आहे. अत्याधुनिक जाळ्यालाही काठाचे कुंपण सुटलेले नाही.

मग सोसायटीच्या सोळा कॅमेऱ्यांना, दहा जणांच्या सीए कार्यालयाला, वागळे इस्टेटमधल्या लहान गाळ्याला हे सगळे परवडणार कसे? माझे मत असे की तिथे आपोआप बदलणारा पर्यायी मार्ग नकोच. झाडाच्या आकाराचे साधे जाळे टाका, महत्त्वाच्या दोन ठिकाणांदरम्यान एक जादा केबल टाकून तिच्या दोन्ही टोकांना लेबल लावा, आणि ती जोडू नका. गरज पडली तर माणूस जोडेल. बिघाड वर्षातून एकदा झाला आणि जोडायला अर्धा तास लागला, तर ते नुकसान अर्ध्या तासाचे. न समजलेल्या लूपचे नुकसान अख्ख्या दिवसाचे असते. घरोघरी पोहोचलेल्या केबलवाल्यांच्या फायबरनेही नकळत हेच साधले आहे. पूर्वी गच्चीवरून गच्चीवर कॅट-फाइव्हच्या तारा आणि पावसाळ्यात जळणारे साधे स्विच असत; तिथे लूप हे नित्याचे दुखणे होते. आजच्या जीपॉन फायबरमध्ये केबलवाल्याकडच्या मुख्य यंत्रापासून (ओएलटी) निष्क्रिय स्प्लिटरमार्गे घरांकडे जाणारा आकार जन्मतःच झाडाचा आहे, आणि ग्राहक एकमेकांशी थेट बोलू नयेत अशी मांडणी करता येते. लहान जाळ्यांत माझा रोख तंत्र वाढवण्याकडे नाही, वेढेच कमी करण्याकडे आहे.

मोठ्या जाळ्यांत हा प्रश्न निविदेच्या कागदावरच सुटायला हवा. सार्वजनिक पैशाच्या निविदांत स्विचचे पोर्ट किती, वेग किती, हमी किती वर्षे हे बारकाईने लिहिलेले असते. ‘स्पॅनिंग ट्रीची सोय असावी’ अशी एक ओळ असते आणि ती प्रत्येक कंपनीचा स्विच पूर्ण करतो. लिहायला हवे ते असे : मूळ स्विच कोणता आणि तो पडल्यास दुसरा कोणता, त्यांचे प्राधान्याचे आकडे काय, नेहमीच्या स्थितीत बंद असणारा प्रत्येक पोर्ट नकाशावर खूण करून द्यावा, इमारत-इमारत, मजला-मजला शक्य तिथे राउटिंगने वेगळे करावे, म्हणजे एका मजल्याचा लूप दुसऱ्यावर जाणार नाही, जाळ्याच्या देखभालीसाठी वेगळी वाट असावी, म्हणजे लूपच्या वादळातही आत शिरता येईल. आणि काम ताब्यात घेताना चाचणी व्हावी. कंत्राटदारासमोर मुख्य दुवा उपटावा आणि सावरायला किती वेळ लागला ते मोजावे. फायबरचा फक्त एक धागा काढून पाहावा. काठावरच्या कुठल्याही दोन पोर्टमध्ये मुद्दाम पॅच कॉर्ड लावावी आणि बाकीच्या जाळ्याला त्याची झळ पोहोचते का ते पाहावे. शेवटी प्रत्यक्षात बंद असलेले पोर्ट आणि नकाशावरच्या खुणा जुळवून, न जुळणाऱ्या प्रत्येकाचे कारण लेखी घ्यावे. या चाचणीला दोन माणसे आणि एखादी दुपार लागते. हीच चाचणी प्रत्येक नव्या जोडणीनंतर आणि रस्ता खोदून झाल्यावर पुन्हा करावी लागेल, आणि तिचा खर्च देखभालीच्या करारात पहिल्या दिवसापासून धरलेला असावा.